पार्श्वभूमी: सिझेरियननंतरच्या वॉर्डात कोणाचं काम कोणतं?

पणजीत १८४२ पासून वैद्यकशाळा होती, तरी गोव्यातल्या गावागावांत बाळंतपण मुक्तीनंतरही बराच काळ वयजिणीच्याच, म्हणजे सुईणीच्याच, हाती होतं. मूल झालं म्हणून तिचं काम संपत नसे. बाळाचं न्हाण, बाळंतिणीचा तेल-शेक, दूध येतंय की नाही, हे सगळं तीच बघायची. बाळंतपणं इस्पितळात गेली आणि ही कामं वाटली गेली. काही सिस्टरकडे, काही आयाकडे, उरलेली घरच्या माणसांकडे.

गुंता आहे तो 'मिडवाइफ' या शब्दाचा. जनरल नर्सिंग केलेल्या प्रत्येक सिस्टरची नोंदणी नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी होते, पण नेमणूक होते ती नर्स म्हणून. आज प्रसूतीच्या वॉर्डात, उद्या अस्थिविभागात. एएनएमच्या (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) तर नावातच मिडवाइफ आहे. १९७३ मध्ये केंद्रीय समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करण्याची शिफारस केली, आणि लसीकरण नि कुटुंबनियोजनापुढे बाळंतपण मागे पडलं. २०१८ मध्ये केंद्राने अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची नवी मिडवाइफ आणली, तीही कमी जोखमीच्या, नैसर्गिक प्रसूतीसाठी. पोटावर टाके घेतलेली बाई त्या चौकटीबाहेरच राहिली. माझ्या मते हा निर्णय गोव्यासारख्या राज्याला सर्वांत महागात पडणारा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथलं सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३१.४ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३९.५ वर गेलं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ डोळ्यांसमोर आणा. लघवीची नळी काढलेली, बाळंतिणीला पाय खाली सोडून उभं राहायचंय, टाके ओढताहेत, बाळ भुकेने रडतंय. त्याला पोटावर न घेता काखेखाली धरायचं, पाय मागे, डोकं तळहातावर, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. दाखवायला दहा मिनिटं लागतात. सिस्टर इंजेक्शनं देत फिरतेय, आयाला हे शिकवलेलं नाही, आणि सासूबाईंनी स्वतः कधी टाके घेतलेले नाहीत.

२०११ च्या केंद्रीय योजनेने सरकारी इस्पितळात सिझेरियन मोफत केलं, सात दिवसांचा आहारही दिला. मनुष्यबळ मात्र खाटांवरच मोजलं जातं. बाळ आईच्याच खाटेवर असतं, त्यामुळे वीस खाटांच्या वॉर्डात चाळीस जीव असले तरी सिस्टर विसांपुरत्याच मिळतात.