आलेखातली पायरी

मुलांमध्ये मेंदूचे ट्यूमर वाढत चाललेत का, असं कुणी विचारलं की मला अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीचा जुना आलेख आठवतो. १९७०च्या दशकापासून जवळजवळ सपाट चाललेली रेघ १९८५च्या सुमारास एकदम एक पायरी चढते आणि पुन्हा सपाट होते. हवेतलं विष किंवा बदललेली राहणी कारण असती, तर रेघ हळूहळू चढली असती. त्याच सुमारास रुग्णालयांत एमआरआय यंत्रं येऊ लागली होती. सीटी स्कॅनमध्ये निसटणाऱ्या गाठी आता दिसू लागल्या. मृत्यूंनी मात्र तशी उडी घेतली नाही.

पुढे २००४पासून तिथे कर्करोग नसलेल्या साध्या गाठीही नोंदवायला सुरुवात झाली. तेव्हा आधीचे आणि नंतरचे तक्ते शेजारी ठेवून ‘बघा, वाढ!’ म्हणणं फसवं. (आणि मोबाइल? १४ देशांतल्या १० ते २४ वयोगटावरच्या ‘मोबी-किड्स’ अभ्यासात त्याच्यामुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही.)

२०१४मध्ये अमेरिकेत मुलांच्या आणि किशोरांच्या कर्करोगमृत्यूंत मेंदूचा ट्यूमर पहिल्या क्रमांकावर आला. तो अधिक घातक झाला होता असं नाही. आधी पहिल्या क्रमांकावर असलेल्या ल्युकेमियावरचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरचे, उपचार त्याच्या कितीतरी पुढे गेले होते.

तरी निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण तिथे आता ७५ टक्क्यांच्या आसपास आहे. या सरासरीवर माझा फारसा विश्वास नाही, कारण मेंदूचा ट्यूमर हा एक आजारच नाही. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा हा प्रकार सावकाश वाढतो. त्याची ९० टक्क्यांहून अधिक मुलं दहा वर्षांनंतरही हयात असतात. मेड्युलोब्लास्टोमा या दुसऱ्या प्रकाराचे जनुकांवरून चार गट पडतात, आणि कोणत्या गटात मूल आहे यावर बरंच काही ठरतं.

डीआयपीजी नावाच्या ट्यूमरचं गणित वेगळंच. ही गाठ मेंदूच्या बुंध्यात, निरोगी पेशींत मिसळून वाढते. कापून काढायची सोयच नाही. किरणोपचारांनी काही महिने मिळतात. नील आर्मस्ट्राँग यांची दोन वर्षांची मुलगी १९६२मध्ये याच आजाराने गेली. आजही बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभरही काढत नाहीत. २०१२मध्ये या गाठींत हिस्टोन प्रथिनाच्या जनुकातला एक ठरावीक बदल सापडला. तो बदल असलेल्या गाठींसाठीचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २०२५ उजाडलं, तेही आधीच्या उपचारांनंतर आजार पुन्हा बळावल्यावरच द्यायचं.