दोन फोल्डर ताडताना 'तीच फाइल' कशाला म्हणायचे?

बॅकअप घेतला की प्रश्न येतोच: मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्ही खरेच सारखे आहेत का? या तपासणीचा उगम फोल्डरमध्ये नाही, फाइलमध्ये आहे. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेला 'डिफ' हा प्रोग्राम १९७४ साली युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. दोन फाइलींतल्या कुठल्या ओळी बदलल्या, ते तो सांगे. पुढे त्याला थेट फोल्डरही देता येऊ लागले. नावावरून जोड्या लावायच्या, आतल्या फोल्डरांत उतरायचे, जोडी नसलेल्या फाइली वेगळ्या दाखवायच्या.

पण हजारो फाइली अथपासून इतिपर्यंत वाचणार कोण? म्हणून पळवाट निघाली: आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली की फाइल तीच समजायची. १९९६ साली आलेला, फाइलींच्या प्रती जुळत्या ठेवणारा 'आरसिंक' वेगळे काही सांगितले नाही तर आजही असेच करतो.

ही पळवाट पेन ड्राइव्हवर अडखळते. पेन ड्राइव्हवर फाइली साठवायच्या जुन्या फॅट पद्धतीत वेळेसाठी १६ बिट असतात: तासाला ५, मिनिटाला ६, सेकंदाला उरले ५. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात, ६० सेकंद मावत नाहीत. मग सेकंद दोन-दोनच्या टप्प्याने नोंदवले जातात. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर १०:१५:०७ असलेली फाइल इथे ०७ राहूच शकत नाही. एकाही अक्षराचा बदल नसताना वेळ जुळत नाही. विंडोजच्या 'रोबोकॉपी' या प्रती करणाऱ्या प्रोग्राममध्ये या दोन सेकंदांकडे काणाडोळा करायला खास पर्यायच ठेवावा लागला.

घड्याळावर भरवसा नको, तर मजकुराचा ठसा घ्यावा, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा आकडा. असा ठसा काढणारी एमडी५ ही रीत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या २००५ च्या 'गिट'ने तर अख्ख्या फोल्डरचाच ठसा ठेवला: दोन फोल्डरांचे ठसे जुळले की आत डोकवायची गरज नाही. मला ही सगळ्यांत देखणी युक्ती वाटते.

तरी नावाचा घोळ उरतोच, आणि तो आपल्या लिपीतही आहे. 'दुसऱ्यांदा' मधला ऱ युनिकोड या संगणकाच्या अक्षर-संकेतात एक अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा दोन तुकड्यांत. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे तुकड्यांतच साठवायची. अशी फाइल दुसऱ्या संगणकावरच्या मूळ फाइलशी बाइट धरून ताडली, तर एक फक्त डावीकडे दिसते, एक फक्त उजवीकडे. डोळ्यांना नाव एकच.