पिकअपला लाकूड ऐकू येतं का?

इलेक्ट्रिक गिटारचा कुठलाही कॅटलॉग उघडा, प्रत्येक लाकडाला एकेक स्वभाव चिकटवलेला दिसेल. अल्डर समतोल, ॲश लखलखीत, महोगनी उबदार, मेपल धारदार, बासवूड जरा मवाळ. नवी गिटार घ्यायला निघालेला मुलगा पिकअप (तारेच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा भाग) कोणतं आहे हे विचारण्याआधी बॉडी कशाची आहे ते विचारतो, आणि दुकानदारही मोठ्या खात्रीने उत्तर देतो. गिटारवाल्यांमध्ये या एका विषयावरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. गंमत अशी, की त्यातला बराच भाग शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रावर तपासता येतो.

आधी इतिहासातली एक अडचणीची गोष्ट. बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. नाचाच्या कार्यक्रमांत ट्रम्पेट आणि ड्रमच्या गदारोळात गिटार कुणालाच ऐकू येत नाही, ही तेव्हाच्या अमेरिकी वादकांची तक्रार होती. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बीचमने त्यावर चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा तोडगा काढला. १९३१ मध्ये बनवलेला पहिला नमुना लाकडातून कोरलेला होता. पण १९३२ मध्ये त्याने ॲडॉल्फ रिकेनबाकरच्या साथीने विक्रीला आणली ती ओतीव ॲल्युमिनियमची गिटार. गोल बॉडी आणि लांब दांडा, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडलं. ती मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायची. स्टेजवरच्या दिव्यांनी ॲल्युमिनियम तापून प्रसरण पावे आणि गिटार बेसूर होई, म्हणून १९३५ मध्ये बेकेलाइट या प्लास्टिकची बॉडी आली. म्हणजे या वाद्याच्या अगदी बाल्यावस्थेत साहित्य बदललं ते सूर टिकावा म्हणून. आवाजाचा पोत तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

आता ते वेटोळं नेमकं काय करतं ते पाहू. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये साधारण सात-आठ हजार. वरून जाणारी पोलादी तार या चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकित होते. तार छेडली की ती हलते, वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह कमी-जास्त होतो आणि वेटोळ्यात विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेला हाच तो नियम. या व्यवहारात हवेला कुठेच जागा नाही. नायलॉनची तार लावली तर पिकअप मुका राहतो, कारण नायलॉन चुंबकाला जुमानत नाही. लाकूडही जुमानत नाही. बॉडी कितीही सुरेल थरथरली, तरी तो आवाज पिकअपला थेट ऐकू येण्याचा मार्गच नाही.

लाकडाच्या आवाजावरचा आपला विश्वास आला कुठून, हे मात्र समजण्यासारखं आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचंच पाहा. तिथे भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली हाच ध्वनिवर्धक. तार स्वतः इतकी बारीक, की तिला हवा ढकलताच येत नाही. ती घोडीमार्फत तबलीला हलवते आणि तबली हवेला. तबली किती जाड ठेवायची, कुठे तासायची, लाकूड किती मुरलेलं हवं यावर कारागिराच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत, आणि ते अगदी योग्यच आहे. व्हायोलिन, अकूस्टिक गिटार, सतार, सगळ्यांना हेच लागू. इलेक्ट्रिक गिटार दिसते त्यांच्या कुळातली, म्हणून तिच्याकडूनही आपण तीच अपेक्षा करतो. ठोकळ्याची बॉडी असलेल्या गिटारला मात्र हवा हलवायचीच नसते. ते काम अँपच्या स्पीकरचं.

मग लाकडाचा प्रभाव शून्य, असं म्हणून लेख संपवावा का? एवढं सोपं नाही. पिकअप तार ऐकतो हे खरं, पण तारेने कसं हलावं यात तिच्या दोन्ही टोकांचं म्हणणं असतं. एक टोक ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या घोडीवर, दुसरं दांड्याच्या टोकाच्या नटवर किंवा बोटाखालच्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर. ही टोकं पूर्णपणे अचल असती, तर गिटार कशाची बनवली याने तारेला काडीचाही फरक पडला नसता. प्रत्यक्षात ती किंचित हलतात, आणि माठातून पाणी झिरपावं तशी तारेची ऊर्जा त्यांच्यावाटे झिरपते. सगळ्या वारंवारतांना ही गळती सारखी नसते. काही स्वर जास्त गळतात, काही कमी. लाकडाला तारेच्या आवाजात हात घालायला मिळतो तो एवढाच, आणि हा हात फक्त काढून घेऊ शकतो. लाकूड 'उब देतं' असं म्हणतात तेव्हा फार तर एवढंच झालेलं असतं, की वरच्या पट्टीतलं काहीतरी थोडं लवकर विरलं.

गळती किती? जरा वजनं पाहू. गिटारची सगळ्यात पातळ तार नेहमीच्या संचात पाव मिलिमीटर जाडीची असते. सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीत तिचं वजन भरतं पाव ग्रॅमच्या आसपास. ती ज्याला हलवू पाहते ती गिटार तीन-चार किलोची. ब्रिज धातूचा, स्क्रूंनी घट्ट बसवलेला, त्याखाली चार-साडेचार सेंटिमीटर जाडीचा ठोकळा. १९९०च्या दशकात म्युनिकला हेल्मुट फ्लायशर आणि टिल्मान त्स्विकर यांनी इलेक्ट्रिक गिटारवर कंपनं मोजली, तेव्हा जे दिसलं ते या अंदाजाशी जुळणारं होतं. ब्रिजकडचं टोक जवळपास ढिम्म. हालचाल होते ती दुसऱ्या टोकाला, नेकमध्ये, म्हणजे दांड्यात.

नेक म्हणजे एका बाजूने धरलेली लांब, सडपातळ पट्टी. तिची स्वतःची कंपन-वारंवारता असते. एखाद्या फ्रेटवर वाजवलेला स्वर नेमका तिच्याशी जुळला, की नेक तारेची ऊर्जा भराभर ओढून घेते आणि तो एकच स्वर शेजाऱ्यांच्या मानाने लवकर मरतो. वादक याला 'डेड स्पॉट' म्हणतात. गिटारच्या डोक्याला छोटा जड क्लॅम्प लावला, तर हा मेलेला स्वर एखाद-दोन फ्रेट पुढे-मागे सरकतो. घरी करून पाहण्याजोगा प्रयोग आहे. तर, सांगाड्याचा परिणाम खरा आहे, मोजता येतो. पण तो मुख्यतः नेकमधून येतो, आणि जाहिराती मात्र बॉडीच्या होतात.

तारेच्या आवाजावर याहून कितीतरी मोठी सत्ता गाजवणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली, पिकअपची जागा. तार एकाच वेळी अनेक हार्मोनिकमध्ये, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांमध्ये, कंप पावते आणि प्रत्येक हार्मोनिकचे काही बिंदू स्थिर असतात. पिकअप अशा बिंदूखाली आला, तर त्याला तो हार्मोनिक मिळतच नाही. स्ट्रॅटोकास्टरची तार ६४८ मिलिमीटर लांब. तिचा नेककडचा पिकअप ब्रिजपासून जवळपास बरोबर पाव अंतरावर, म्हणजे १६२ मिलिमीटरवर असतो. त्यामुळे मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. ब्रिजलगतचा पिकअप हलका, टोकदार वाजतो आणि नेकजवळचा गोल, भरलेला, त्याचं कारण हेच. छेडण्याच्या जागेचंही असंच असतं: जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू, तो हार्मोनिक उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. (आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत हा नियम मोडतो आणि याला तिथली पसरट घोडी कारण आहे, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

दुसरी गोष्ट, विद्युतमंडल. पिकअपचं वेटोळं आणि केबलची धारकता मिळून एक अनुनादी मंडल तयार होतं; एका ठरावीक वारंवारतेला, म्हणजे अनुनादाला, ते आवाज सगळ्यात जास्त उठवतं. वेटोळ्याचं प्रेरकत्व ३ हेन्री धरा. केबल दर मीटरला साधारण १०० पिकोफॅराड. सहा मीटर केबल आणि पिकअपची स्वतःची धारकता मिळून ७०० धरू. गणित केलं की अनुनाद ३,५०० हर्ट्झच्या आसपास येतो. आता तीच केबल बारा मीटरची घ्या, उत्तर उतरतं २,५०० वर. मानवी कान सगळ्यात तिखट असतो तो दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. बरोबर तिथलं शिखर हजार हर्ट्झने सरकवायला नुसती लांब वायर पुरली. कुठलंही लाकूड बदलून एवढा फरक पडत असेल असं मला वाटत नाही. शिवाय पिकअपची उंची स्क्रू फिरवून मिलिमीटरभर बदलली तरी आवाज बदलतो. जुन्या, घामाने काळवंडलेल्या तारा आणि नव्या तारा यांतला फरक तर गिटार न वाजवणाऱ्यालाही कळतो.

"पण गिब्सनची लेस पॉल आणि फेंडरची स्ट्रॅटोकास्टर किती वेगळ्या वाजतात! एक महोगनीची, दुसरी अल्डरची," असं कुणीतरी म्हणतंच. वेगळ्या वाजतात, वाद नाही. पण त्या दोघींत लाकूड सोडून काय काय वेगळं आहे ते बघा. गिब्सनच्या तारेची लांबी सुमारे ६२८ मिलिमीटर, फेंडरची ६४८. गिब्सनवर १९५७ पासून सेथ लव्हरचा दुहेरी वेटोळ्याचा हमबकर, फेंडरवर एकेरी वेटोळं. एकीची नेक चिकटवलेली, दुसरीची स्क्रूने जोडलेली. एकीचा ब्रिज अचल, दुसरीचा बहुधा स्प्रिंगांवर तरंगणारा. चार गोष्टी एकदम बदलायच्या आणि श्रेय पाचवीला द्यायचं, याला प्रयोग म्हणत नाहीत.

हाच प्रयोग उलट्या बाजूनेही झाला आहे: लाकूडच काढून टाकायचं. नॅशव्हिलच्या जिम लिल या गिटारवादकाने दोन बाकांच्या मध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली योग्य उंचीवर आणि योग्य अंतरावर पिकअप ठेवला आणि ध्वनिमुद्रण केलं. मध्ये ना बॉडी, ना नेक. आवाज त्याच्या महागड्या गिटारच्या इतका जवळ आला, की फरक सांगताना भलेभले चाचपडले. लेस पॉल या माणसाने (गिटार त्याच्या नावाची) १९४०च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर पिकअप आणि तारा बसवल्या होत्या. लोकांना तो ओंडका बघवेना, म्हणून त्याने नेहमीच्या गिटारचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले. आवाजाला त्यांची गरज नव्हती, डोळ्यांना होती. क्वीन बँडच्या ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची आहे. बॉडीतला ओक एका जुन्या टेबलाचा. डॅनइलेक्ट्रो कंपनी तर १९५०च्या दशकात लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड ठोकून गिटार विकत होती, आणि जिमी पेजसारख्या वादकाने ती मोठ्या स्टेजवर वाजवली.

मग अल्डर, ॲश, महोगनी ही नावं रूढ झाली कशी? लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गिटार तो स्वतः वाजवत नसे. त्याचे सुरुवातीचे नमुने पाइनचे, १९५० पासूनच्या टेलिकास्टर ॲशच्या. १९५६ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बहुतांशी अल्डरवर गेली, कारण ॲशच्या रेषारेषांतली खोल छिद्रं बुजवल्याशिवाय रंग गुळगुळीत बसत नाही, अल्डरला ती कटकट कमी. ज्या फिकट पिवळ्या रंगातून लाकडाची नक्षी दिसते, तिथे मात्र ॲश चालू राहिलं. हा रंगशाळेतला हिशोब होता. त्या गिटारींवर पुढे अजरामर संगीत झालं आणि मग तोच हिशोब स्वराचा सिद्धान्त म्हणून सांगितला जाऊ लागला.

तरीही अनेक कसलेल्या वादकांना फरक जाणवतो, त्यांना खोटं ठरवायची गरज नाही. गिटार पोटाशी धरून वाजवताना बॉडीची थरथर बरगड्यांना लागते, अँप बंद असतानाचा बारीक आवाज कानाशी असतो, आणि मेंदू हे सगळं एकत्र करूनच 'आवाज' ठरवतो. ऐकणाऱ्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. पण वादकाचा हात त्या जाणिवेने वेगळा पडत असेल, तर तेही संगीतात उतरतंच. काही जण बॉडीवर टिचकी मारून दाखवतात: बघा, अँपमधून आवाज येतो! येतो खरा. टिचकीने तारा आणि पिकअप एकमेकांच्या सापेक्ष हलतात. वेटोळी मेणात नीट भिजवलेली नसतील तर तीही कुरकुरतात. पोकळ गिटारचं प्रकरण निराळं. अँप मोठा केला की स्पीकरचा आवाज तिच्या पातळ पाटाला हलवतो, पाट तारेला हलवतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणून तर गिब्सनने १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये पोकळ बॉडीच्या मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा घातला.

लाकडाच्या हट्टाची किंमत जंगलं मोजतात, त्यामुळे हा वाद नुसता कानांपुरता राहत नाही. फिंगरबोर्डसाठी (नेकवरची, बोटं पडतात ती पट्टी) जगभर वापरली जाणारी शिसवी आपल्या सह्याद्रीतही वाढते. जानेवारी २०१७ पासून तिच्यासकट डालबर्जिया वंशातल्या सगळ्याच लाकडांवर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली आणि कारखानदारांची धावपळ उडाली. फेंडरने अनेक मॉडेलवर शिसवीऐवजी पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड लावलं. तयार वाद्यांना सवलत मिळाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. ॲशच्या मुळावर तर आशियातून अमेरिकेत पोचलेला हिरवा भुंगेरा उठला; २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या उत्पादनातून ॲश जवळपास बाद केलं.

गिटार घेताना लाकूड बघायचंच असेल तर वजन बघा, कारण पाच किलोची गिटार दोन तास खांद्यावर बाळगायची तुम्हाला आहे. नेक सरळ आहे का आणि पावसाळ्यात सरळ राहील का ते बघा. आवाज पसंत पडला नाही, तर आधी तारा बदला, मग स्क्रूड्रायव्हर घेऊन पिकअप थोडा खाली-वर करा. मुंबईत किंवा पुण्यात पिकअप बदलून देणारा कारागीर सापडतो, आणि त्याचा खर्च नव्या गिटारपेक्षा बराच कमी येतो.