डाव्या-उजव्यातला मिलिमीटर

कॅलिपर घेऊन आपल्या उजव्या कानाची लांबी मोजा, मग डाव्याची. एखाद्या मिलिमीटरचा फरक येईल. आता आधीचे आकडे न बघता दोन्ही कान पुन्हा मोजा. या खेपेला फरक वेगळा येईल, कदाचित 'मोठा' कानही बदललेला असेल. शरीराची सममिती मोजताना खरी अडचण हीच येते. जो फरक शोधायचा, तो आणि मोजणाऱ्या हाताची चूक, दोन्ही जवळपास एकाच मापाची असतात.

मग एवढ्याशा फरकासाठी खटाटोप कशाला? कारण डाव्या आणि उजव्या बाजूच्या पेशींत जनुकं तीच असतात, आराखडा एकच असतो. तरीही एक पंख दुसऱ्याहून किंचित लांब वाढतो. १९६२ साली ली व्हॅन व्हॅलेन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी अशा असमानतेचे तीन प्रकार वेगळे काढले. पहिली जातीतच ठरलेली असते. माणसाचं हृदय डावीकडे झुकलेलं असतं. उजव्या फुप्फुसाचे खंड तीन, डाव्याचे दोन. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशींवरचे सूक्ष्म केस गरगर फिरून द्रव डावीकडे लोटतात, त्यावरून बाजू ठरते. (सुमारे दहा हजारांत एका माणसात ही मांडणी आरशातल्यासारखी उलटी असते आणि अनेकांना ते वर्षानुवर्षं कळतही नाही!) दुसरी असमानता फिडलर खेकड्याच्या नरात दिसते. त्याची एक नांगी अवाढव्य असते, पण बऱ्याच जातींत ती कुणाची डावी, कुणाची उजवी.

तिसरी कुठल्याच बाजूला कायमची झुकत नाही. कानातला तो मिलिमीटर याच प्रकारातला, वाढीच्या काळातल्या बारीकसारीक योगायोगांतून आलेला. उपासमार, रोग, प्रदूषण यांचा ताण पडला की तो वाढतो का, हे शोधण्यासाठी संशोधक माशांचे पर, पक्ष्यांचे पंख, माणसांची बोटं मोजत आले.

१९९० च्या दशकात तर सममित शरीर म्हणजे निरोगी, आकर्षक जोडीदार, असे निष्कर्ष भराभर निघाले. मला वाटतं, तेव्हा मोजमापापेक्षा उत्साह मोठा होता. सममित शरीराची माणसं अधिक चांगली नाचतात, असं सांगणारा जमैकातल्या तरुणांवरचा शोधनिबंध २००५ साली 'नेचर'मध्ये छापून आला आणि गाजला. पुढे त्याच्याच एका सहलेखकाने त्यातल्या आकड्यांवर गंभीर आक्षेप घेतले, आणि २०१३ साली तो मागे घेण्यात आला.

आता नुसती लांबी मोजून भागत नाही. फोटोवर किंवा त्रिमितीय स्कॅनवर डोळ्याचा कोपरा, पंखातल्या शिरा एकमेकींना छेदतात ती जागा असे ठरावीक बिंदू खुणावतात. मग आकारमान, जागा आणि कल यांचा प्रभाव काढून एका बाजूचं प्रतिबिंब दुसरीवर बसवतात. उरते ती निव्वळ आकारातली तफावत. पण बिंदू खुणावणारा हात शेवटी माणसाचाच. म्हणून नेटक्या अभ्यासात प्रत्येक नमुना निदान दोनदा मोजतात, तोही आधीचे आकडे झाकून. दोन वेळच्या मोजमापांतली तफावत डाव्या-उजव्यातल्या फरकापेक्षा स्पष्टपणे लहान निघाली, तरच पुढचं गणित मांडतात.