पत्राचं वजन किती?

दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये असलेल्या ब्रिटिश सैनिकाला घरचं पत्र मिळायला किती वेळ लागायचा माहितीये? महिने. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरलं, भूमध्य समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला, मग जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि त्यांच्याबरोबर टपालही. घरी आई आजारी आहे हे कळेपर्यंत ती कधीची बरी झालेली असायची, नाहीतर गेलेली असायची, आणि तिकडे पोराला दोन्हीतलं काहीच माहीत नाही. जेवण, चहा, सिगारेट हे सगळं लागतंच, पण घरून काही खबरच नाही म्हटल्यावर माणूस आतून खचतो, आणि हे तेव्हाच्या लष्करी अधिकाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

मग विमानाने का नाही पाठवायची पत्रं? कारण कागद जड असतो. एक पत्र हातात घेतलं तर काहीच वाटत नाही, पण अमेरिकेचा त्या काळातला हिशोब बघा: एकेक पानाची दीड लाख पत्रं म्हणजे टपालाची 37 पोती, वजन 1,150 किलोच्या वर. एवढ्या जागेत औषधं जातात, सुटे भाग जातात.

यावर उत्तर सापडलं ते बँकेच्या कामातून. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बँकेतल्या जॉर्ज मॅकार्थी यांनी चेकचे फटाफट फोटो काढायचं मशीन बनवलं होतं, पुढे कोडॅकने ते रेकॉर्डॅक नावाने बाजारात आणलं. यातली गंमत अशी की कागद थांबवून फोटो काढायचाच नाही. कागद एका अरुंद फटीसमोरून सरकत जातो, आत फिल्मही त्याच्याशी ताळमेळ ठेवून पण कमी वेगाने सरकते, कागद जितक्या पट लहान करायचा तितक्या पट कमी, म्हणजे अक्षर फाटत नाही आणि काम अखंड चालू राहतं. एप्रिल 1941 मध्ये कैरोहून लंडनला अशी फिल्मवरची पत्रं निघाली, त्याचं नाव एअरग्राफ. अमेरिकेने हीच पद्धत जून 1942 मध्ये व्ही-मेल म्हणून सुरू केली. ती 37 पोती आता एका पोत्यात मावली, वजन फक्त 20 किलो! पोचल्यावर फिल्मवरून फोटोच्या कागदावर प्रिंट काढायची, मूळ पानाच्या साधारण पाव आकाराची, आणि पाकिटात घालून वाटायची.

तशी ही कल्पना जुनीच. 1870-71 मध्ये पॅरिसला वेढा पडला होता तेव्हा दाग्रों नावाच्या फोटोग्राफरने हजारो निरोप इवल्याशा फिल्मवर उतरवून कबुतरांच्या शेपटीला बांधून आत पाठवले होते, एका फिल्मचं वजन जेमतेम 0.05 ग्रॅम.

आता फिल्मवर अक्षर उमटतं कसं, तर त्यावर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात, उजेड पडला की डेव्हलप करताना त्यांची काळी चांदी होते. कोरा कागद उजेड परत फेकतो, शाई गिळते, म्हणून फिल्मवर काळ्यावर पांढरी अक्षरं दिसतात. म्हणजे सगळा खेळ शाई आणि कागद यातल्या फरकाचा. फिक्या पेन्सिलीने लिहिलं की फरकच उरला नाही, आणि जागा वाचवायला बारीक लिहिलं तर लहान झाल्यावर ती अक्षरं एकमेकात मिसळून जायची, म्हणून सूचना असायची की गडद शाईने मोठं आणि ठळक लिहा. सगळ्यात जास्त त्रास झाला लिपस्टिकचा. बायका, मैत्रिणी पत्रावर ओठांचा ठसा उमटवून पाठवायच्या, ती लिपस्टिक मशीनच्या आत चिकटायची आणि पुढची पत्रं खराब व्हायची. मला त्या बायकांना दोष द्यावासाच वाटत नाही, दुसरं होतं काय त्यांच्या हातात.

मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. फोटो काढल्यावर मूळ पत्र लगेच टाकून द्यायचे नाहीत, फिल्म तिकडे सुखरूप पोचल्याचा निरोप येईपर्यंत जपून ठेवायचे. विमान पडलं तर त्याच पत्रांचे परत फोटो काढून दुसऱ्या विमानाने रवाना. साध्या टपालात ही सोय कधीच नव्हती, जहाज बुडालं की पत्रं बुडाली.

पण काही गोष्टी गमावल्यासुद्धा. पाकीट नाही, पत्र उघडंच द्यायचं, म्हणजे सेन्सॉरशिवाय बाकीचेही ते वाचू शकणार, हे भल्याभल्यांना खटकायचं. सुकलेलं फूल किंवा बाळाची जावळाची बट आत ठेवता यायची नाही. ज्या कागदावर तिचा हात फिरला तो कागद त्याच्यापर्यंत कधी पोचायचाच नाही, पोचायची फक्त त्याची सावली.

वजन आणि मोडतोड हीच अडचण गाण्यांचीही होती. तेव्हाच्या रेकॉर्ड लाखेच्या, म्हणजे शेलॅकच्या, आपटल्या की तुकडे, त्यात युद्धामुळे लाखेचा तुटवडा. म्हणून 1943 पासून अमेरिकेने सैनिकांसाठी व्हिनाइलच्या व्ही-डिस्क काढल्या, त्या प्रवासात टिकायच्या आणि एका बाजूवर सहा मिनिटांपर्यंत गाणं मावायचं.

1945 मध्ये युद्ध संपलं आणि एअरग्राफ, व्ही-मेल दोन्ही त्याच वर्षी बंद झाले. तोवर काम झालेली मूळ पानं नष्ट केली जायची, त्यामुळे आज कुणाच्या घरात जुन्या पेटीत सापडतात त्या या तळहाताएवढ्या प्रिंटच. फोटो नीट धुतला नसेल तर त्यातली उरलेली रसायनं हळूहळू चांदीला खातात आणि अक्षर पिवळट होत जातं. नीट धुतलेल्या मात्र अजून स्वच्छ वाचता येतात, भिंग घेऊन बसावं लागतं एवढंच.