सममिती मोडणारे मीठ: डास्ट स्फटिकामागचा इतिहास

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा झोत क्वार्ट्झमधून पाठवला, तेव्हा पलीकडे निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा, अतिनील प्रकाश मिळाला. हा परिणाम फारच क्षीण होता. अधिक जोरदार पदार्थ शोधताना लक्ष सेंद्रिय रेणूंकडे वळले, पण तिथे सममिती आडवी आली. पॅरा-नायट्रोॲनिलीनचा सुटा रेणू चांगलाच अरैखिक असतो, म्हणजे प्रकाशाची वारंवारता अशी दुप्पट करण्यात पटाईत. स्फटिकात मात्र हे रेणू जोडीने उलटसुलट बसतात, एकमेकांचा परिणाम खोडतात आणि वारंवारतेचे द्विगुणन शून्यावर येते. त्याला एक मिथाइल गट जोडला की ही जोडी मोडते. एमएनए (२-मिथाइल-४-नायट्रोॲनिलीन) हा स्फटिक असाच मिळाला.

१९८९ साली रसायनशास्त्रज्ञ सेठ मार्डर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली: रेणूलाच आयन करायचे, म्हणजे विद्युतभारांच्या आकर्षणापुढे द्विध्रुवांची (एक टोक धन, दुसरे ऋण असलेल्या रेणूंची) उलट बसण्याची ओढ फिकी पडते. या क्षेत्रातली इतकी देखणी कल्पना दुसरी नाही. त्यातून डास्ट हे सेंद्रिय मीठ आले. त्याच्या भुकटीने तुलनेसाठी घेतलेल्या युरियाच्या सुमारे हजारपट द्विगुणित प्रकाशाचा संकेत दिला.

ही तुलना १९६८च्या कर्ट्झ-पेरी या भुकटी-चाचणीच्या पद्धतीची. नमुना आणि युरिया एकाच मापाच्या चाळणीतून चाळावे लागतात, कारण कणांचा आकार बदलला की संकेतही बदलतो. नेहमीचा १०६४ नॅनोमीटरचा लेसर इथे चालत नाही: ५३२चा हिरवा प्रकाश लाल डास्ट स्वतःच शोषून घेते. म्हणून हायड्रोजनमधील रामन विकिरणाने (तरंगलांबी बदलणाऱ्या प्रकाशाच्या विखुरण्याने) मिळवलेला १९०७ नॅनोमीटरचा झोत वापरला गेला.

मोठा स्फटिक वाढवायला मिथेनॉलमधले संपृक्त द्रावण दिवसाला अंशाच्या काही दशांशांनीच थंड करतात. मिथेनॉल कोरडे हवे. पाणी शिरले की नारिंगी हायड्रेट (पाणी सामावलेले रूप) उतरते. ते केंद्रसममित, म्हणजे उलटसुलट मांडणीचे, म्हणून या कामाला निरुपयोगी. तापमान हलले तर तळाशी भाराभर बारीक स्फटिक पडतात आणि वाढवायला ठेवलेला छोटा बीज-स्फटिक उपाशी राहतो. १९९२पासून डास्ट टेराहर्ट्झ लहरी (सूक्ष्मलहरी आणि अवरक्त यांच्या मधल्या) निर्माण करायला वापरले जाते, मात्र १.१ टेराहर्ट्झजवळ ते स्वतःच त्या शोषते.

याच क्षेत्रात भारतात पाण्यातून सावकाश बाष्पीभवनाने ‘नवे’ स्फटिक मिळाल्याचे पुष्कळ दावे झाले. त्यातल्या अनेकांचे खंडन गोवा विद्यापीठातील बी. आर. श्रीनिवासन यांनी केले: दोन पदार्थ एकत्र विरघळवले, तरी कमी विद्राव्य असलेला एकटाच आधी बाहेर पडू शकतो. एकस्फटिक क्ष-किरण मापनातली एककोशिकेची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ घटकाची) मापे मूळ पदार्थांशी ताडली, तर हे पहिल्याच दिवशी कळते.