झाड एक, अल्बम दोन

११ डिसेंबर १९७० रोजी बीटल्सच्याच अ‍ॅपल कंपनीने दोन एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, एकदम बाजारात आणल्या. एक बीटल्सच्या जॉनची, तिचं नाव ‘जॉन लेनन/प्लॅस्टिक ओनो बँड’. दुसरी त्याच्या बायकोची, योकोची, तिचं ‘योको ओनो/प्लॅस्टिक ओनो बँड’. तिरप्या रेघेनंतरचं सगळं तेच. कव्हर पाहून फरक कळेल म्हणाल, तर तिथेही पंचाईत. टिटनहर्स्ट पार्क या त्यांच्या इंग्लंडातल्या अ‍ॅस्कटजवळच्या घराच्या आवारातलं एक मोठं झाड, त्याच्या बुंध्याशी पहुडलेले नवरा-बायको आणि सगळीकडे हिरवं-सोनेरी ऊन. दोन्हींवर हेच. पुढच्या बाजूला ना नाव, ना एखादं अक्षर.

त्यामुळे घोळ होतो, आणि तो फक्त नवख्यांचाच होतो असंही नाही. कुणी योकोची एलपी जॉनची म्हणून विकत घेतं. कुणी ‘लेननचा तो किंचाळण्याचा अल्बम’ म्हणतं, तेव्हा त्याच्या डोक्यात भलताच अल्बम असतो. पहिला घोळ दोन मिनिटांत सुटण्यासारखा आहे. दुसरा मात्र जरा खोल आहे, आणि माझ्या मते त्यापायी योकोवर पन्नास वर्षं अन्याय झाला आहे.

आधी सोपं काम. कव्हरवर कोण कुणाला टेकलंय ते पाहायचं. जॉनच्या कव्हरवर जॉन योकोच्या अंगावर रेलला आहे, योकोच्या कव्हरवर योको जॉनच्या. ज्याचा अल्बम, तो रेललेला. हे फोटो काढले डॅन रिक्टर या नटाने, साध्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्यावर. (‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या सुरुवातीला हाड उगारणारा माकड-मानव आठवतो? तोच हा रिक्टर.) साध्या कॅमेऱ्यामुळे चेहरे लहान आणि धूसर आले आहेत, म्हणून लांबून ओळखू येत नाही. तेव्हा सरळ कव्हर उलटायचं. मागे जॉनच्या एलपीवर शाळकरी जॉनचा फोटो, योकोच्या एलपीवर लहानग्या योकोचा. जुनी तबकडी घेत असाल तर क्रमांक पाहा. ब्रिटिश प्रतीवर जॉनचा पीसीएस ७१२४ आणि योकोचा सॅपकॉर १७, म्हणजे गोंधळाला जागाच नाही. अमेरिकन प्रतीवर मात्र एसडब्ल्यू ३३७२ आणि एसडब्ल्यू ३३७३, सख्खे शेजारी. आणि हातात तबकडीच असेल तर गाणी मोजा: जॉनची अकरा, योकोची सहा. वेळ दोन्हीकडे चाळीस मिनिटांच्या आसपास.

या जोडीत कधीकधी एक तिसरा अल्बमही घुसतो, त्याचाही निकाल लावून टाकू. ‘लाइव्ह पीस इन टोरांटो १९६९’ हा डिसेंबर १९६९चा, म्हणजे बरोबर वर्षभर आधीचा. निळ्या आभाळात एक पांढरा ढग, असं त्याचं कव्हर. तो नुसत्या प्लॅस्टिक ओनो बँडच्या नावावर आहे आणि त्यात गिटारवर एरिक क्लॅप्टन आहे. मुळात प्लॅस्टिक ओनो बँड हा ठरलेल्या चार माणसांचा बँड कधी नव्हताच. ती जॉन-योकोची एक कल्पना होती: त्या दिवशी जो वाजवायला हजर, तो बँडमध्ये. टोरांटोत ड्रम्सवर अ‍ॅलन व्हाइट होता, पुढच्या वर्षी ड्रम्सवर बीटल्सचा रिंगो स्टार आला. बँडच्या नावावरून अल्बम ओळखायला गेलं की माणूस हमखास फसतो.

आता मुद्द्याचं. दोन्ही अल्बम १९७०च्या शरद ऋतूत, लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत आकाराला आले. माणसंही तीच: बासवर क्लाउस फोरमन, ड्रम्सवर रिंगो स्टार, गिटारवर जॉन. जॉनच्या अल्बमवर योकोच्या नावापुढे वाद्य म्हणून काय लिहिलंय, तर ‘वारा’. हे वाचून आजही लोक हसतात. पण त्या अल्बममध्ये जी मोकळी हवा आहे, वाद्यांमधल्या ज्या रिकाम्या जागा आहेत, त्या ऐकल्या की ही नोंद निव्वळ थट्टेची वाटत नाही.

जॉनच्या अल्बमच्या निर्मात्यांत जॉन आणि योकोच्या जोडीला फिल स्पेक्टरचं नाव आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. स्पेक्टर म्हणजे दहा-दहा वाद्यांचे थरावर थर चढवून भिंत उभी करणारा माणूस. त्याच सुमारास त्याने बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या तीन तबकड्यांच्या अल्बमवर तशी भिंत उभी केलीही होती. तो जॉनच्या अल्बमच्या जेमतेम दोन आठवडे आधी आला. आणि इकडे हाच स्पेक्टर ‘लव्ह’ या गाण्यात पियानोचे मोजके स्वर वाजवून गप्प बसतो.

जॉन आणि जॉर्ज हे दोन्ही मित्र त्या वेळी कुठल्या टोकांना उभे होते, हे आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला चटकन कळेल. जॉर्जच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये मागे ‘हरे कृष्ण’चा गजर चालू आहे. जॉनच्या ‘गॉड’मध्ये आपला कशाकशावर विश्वास उरलेला नाही, त्याची यादी आहे. जादू, बायबल, हिटलर, येशू असं करत करत ती येते बुद्धावर, मग मंत्र, मग गीता, मग योग. चारही ओळीने. पुढे एल्व्हिस, झिमरमन म्हणजे बॉब डिलन, आणि सगळ्यात शेवटी बीटल्स. तिथे संगीत क्षणभर थांबतं. दोन वर्षांपूर्वी ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात मुक्काम ठोकून बसलेला माणूस हे गातोय. ‘आय फाउंड आउट’मध्येही गुरू आणि ‘हरे कृष्ण’वाल्यांना त्याने सोडलेलं नाही. मजा अशी, की त्याच अल्बममधलं ‘लुक अ‍ॅट मी’ हे हळुवार गाणं ऋषिकेशच्या दिवसांतलं आहे. तिथे डोनोव्हन या गायकाकडून शिकलेली बोटांनी तार छेडायची पद्धत त्यात स्वच्छ ऐकू येते. गुरू सुटले, बोटं तीच राहिली.

गुरूंच्या जागी तेव्हा आले होते डॉक्टर. आर्थर जॅनॉव्ह हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, त्यांचं ‘द प्रायमल स्क्रीम’ हे पुस्तक १९७०चंच. लहानपणी गिळलेलं दुःख रडून, ओरडून बाहेर काढायचं, अशी ती उपचारपद्धती. जॉन आणि योको दोघंही जॅनॉव्हकडे गेले, आधी इंग्लंडात, मग काही महिने लॉस एंजेलिसला. जॉनकडे बाहेर काढण्यासारखं पुष्कळ होतं. वडील लहानपणीच दुरावले. आई ज्युलियाने त्याला मावशीकडे ठेवलं, आणि पुन्हा तिच्याशी सूर जुळतायत तोवर १९५८ साली मोटारीखाली सापडून ती गेली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

म्हणून अल्बम उघडतो तो ‘मदर’ने. आधी घंटा, संथ केलेली, मयताला वाजते तशी. मग गाणं. साधे शब्द, साधी चाल, पियानो, बास, ड्रम्स. आईने जाऊ नये आणि बाबांनी परत यावं, एवढीच मागणी शेवटी पुन्हा पुन्हा येते आणि दर फेरीला आवाज थोडा जास्त फाटतो. पहिल्या फेरीला गाणं असतं, शेवटच्या फेरीला निव्वळ आक्रोश. पण नीट ऐका: आक्रोशातही शब्द टिकून आहेत. ‘वेल वेल वेल’मध्येही तेच. जॉन वाक्याच्या टोकापर्यंत जातो आणि तिथून ओरडतो. अल्बम संपतो तोही आईवरच, मिनिटभराच्याही आत आटोपणाऱ्या, साध्या कॅसेटवर टेप केलेल्या बडबडगीतासारख्या तुकड्याने.

योकोचा अल्बम जिथे सुरू होतो, तिथे शब्दच नसतात म्हटलं तरी चालेल. ‘व्हाय’ या पहिल्या गाण्यात एकच शब्द आहे, तो शीर्षकातच आला. रिंगो आणि फोरमन सुसाट सुटलेत, त्यावर जॉनची गिटार करवतीसारखी कर्कश, आणि त्यात योकोचा आवाज असा मिसळतो की गिटार कुठे संपली आणि गळा कुठे सुरू झाला हे पहिल्यांदा ऐकताना सांगता येत नाही. जॉनने एवढी बेफाम गिटार बीटल्समध्ये कधी वाजवली नव्हती, हे माझं मत मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. तुकडा संपतो आणि जॉनचा आवाज येतो: हे टेप करत होतात ना? त्या प्रश्नावरून कळतं, की हे आधीपासून बसवलेलं नव्हतं. या अल्बमचा बहुतेक भाग १० ऑक्टोबरला एका दुपारच्या बैठकीत झाला. आदल्याच दिवशी जॉनला तीस वर्षं पूर्ण झाली होती.

दुसरा तुकडा ‘व्हाय नॉट’, तोच खेळ संथ लयीत, दहा मिनिटांचा. तिसऱ्याचं शीर्षक लांबलचक, रिकामी बाबागाडी शहरभर ढकलत नेल्याबद्दलचं. जॉर्ज हॅरिसनच्या एका टाकून दिलेल्या टेपमधली सतार आणि रिंगोचे ड्रम्स यांचा फिरता तुकडा त्याच्या खाली चालू असतो, आणि वर योकोचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. योकोचे लागोपाठ गर्भपात झाले होते, हे माहीत असलं की ते शीर्षक अंगावर येतं.

आता तो दुसरा, किंचाळण्याबद्दलचा घोळ. दोन्ही अल्बम एकाच वर्षी, दोन्हींत ओरडणं, त्यामुळे सरसकट सांगितलं जातं की दोन्ही जॅनॉव्हच्या उपचारांतून निघाले. जॉनबद्दल ते खरं आहे. योकोबद्दल नाही, आणि पुरावा तिच्याच अल्बममध्ये दुसऱ्या बाजूला पहिला आहे. ‘एओएस’ हा तुकडा १९७०चा नाहीच. तो २९ फेब्रुवारी १९६८चा, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या ऑर्नेट कोलमनच्या कार्यक्रमाच्या तालमीतला. ट्रम्पेटवर स्वतः कोलमन, बासवर चार्ली हेडन आणि डेव्हिड आयझेन्झन, ड्रम्सवर एड ब्लॅकवेल. जॅझमधली ही पहिल्या फळीची मंडळी. त्यांच्यासमोर योको कण्हते, कुजबुजते आणि मग एकदम किंकाळी फोडते. जॅनॉव्हचं पुस्तक यायला तेव्हा दोन वर्षं होती. आणि जॉन कुठे होता? गंगेकाठी, महर्षींच्या आश्रमात.

त्याच्याही आधी, १९६१मध्ये, योकोने न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये आपले आवाजाचे प्रयोग केले होते. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची तालीम, त्यात काबुकी या जपानी नाट्यप्रकारातली घशावर ताण देऊन आवाज काढायची रीत, आणि न्यूयॉर्कच्या प्रयोगशील मंडळींची संगत, अशी तिच्या आवाजाची घडण आहे. जॉनचा आक्रोश हा त्या वर्षी उघडलेला बांध आहे. योकोचा आवाज कमावलेला आहे. ‘वेल वेल वेल’ ऐकून तर मला उलटीच शंका येते, की ओरडण्याचे पहिले धडे जॉनने डॉक्टरांकडे नव्हे, घरातच घेतले असावेत.

बाजारात काय झालं हे थोडक्यात. जॉनचा अल्बम अमेरिकेत सहाव्या आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, योकोचा अमेरिकेत १८२पर्यंत. ‘वर्किंग क्लास हीरो’तल्या दोन शिव्या ईएमआयने छापील शब्दांतून गाळायला लावल्या, त्याचा गवगवा झाला. योकोच्या वाट्याला बहुतेक टिंगल आली. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात समीक्षक लेस्टर बँग्जने मात्र तिची बाजू घेतली. कालांतराने काटा थोडा फिरला. १९८०मध्ये बर्म्युडात बी-५२ज या बँडचं ‘रॉक लॉबस्टर’ कानावर पडताच जॉन उडालाच होता. ही तर योकोची गायकी, आता पुन्हा संगीतात परतायला हरकत नाही, असं त्याला वाटलं.

अलीकडे घोळात नवी भर पडली आहे. २०२१ साली जॉनच्या अल्बमचा जो मोठा बॉक्स सेट निघाला, त्यात योकोच्या अल्बमच्या मूळ लांबलचक बैठकाही घातल्या आहेत. म्हणजे योकोचं ऐकायला जॉनचा डबा उघडायचा.

दोन्ही नव्याने ऐकायचे असतील तर अख्खे अल्बम एका दमात ऐकू नका. डिसेंबर १९७०च्या अखेरीस अमेरिकेत एक सिंगल, म्हणजे दोन गाण्यांची छोटी तबकडी, निघाली होती, तिचाच क्रम धरा: एका बाजूला ‘मदर’, घंटा कापून छोटं केलेलं, आणि पलटलं की ‘व्हाय’. ‘मदर’चं शेवटचं मिनिट आणि ‘व्हाय’चं पहिलं मिनिट लागोपाठ लावा. आवाज मोठा ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून.